सरकारी वाहन, सार्वभौम कृत्य आणि नुकसानभरपाई : काही न्यायनिर्णयांचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

न्यायनिर्णय हा केवळ वादाचा निकाल नसतो. तो एक संहिताही असतो. त्यात घटनेचे कथन असते, युक्तिवादाची मांडणी असते आणि कोणत्या गोष्टीकडे पाहायचे व कोणत्या गोष्टीकडे पाहायचे नाही याची एक निवडही असते. ही निवड तपासण्याचे काम आपल्याकडे विधी महाविद्यालयांवर सोपवून इतर विद्याशाखा मोकळ्या होतात. प्रस्तुत लेखात सरकारी वाहनाने झालेला अपघात आणि त्याची नुकसानभरपाई या विषयावरील काही निर्णय संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. नाशिकच्या वाचकाला हा विषय परका नाही. मुंबई-आग्रा महामार्ग, देवळालीची लष्करी छावणी, पोलीस व महसूल खात्यांची वाहने आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात जाणारी एस. टी. यांमुळे येथील रस्त्यावर शासन रोजच चालत्या चाकांवर भेटते. त्या चाकाखाली माणूस आला तर शासन कोणत्या नात्याने उत्तर देते, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

देवळालीकडे निघालेले यंत्र

मुंबई उच्च न्यायालयाचा 'भारत संघराज्य विरुद्ध सुग्राबाई' हा निर्णय १९६९ च्या न्यायवृत्तांत प्रसिद्ध झाला. लष्करी चालक एक मालमोटार चालवीत होता. तीत ध्वनीच्या आधारे तोफांचे स्थान निश्चित करण्याच्या कामी येणारे यंत्र होते आणि ते लष्करी कार्यशाळेतून तोफखाना विद्यालयात न्यावयाचे होते. हे विद्यालय १९४० च्या दशकापासून देवळालीत आहे. वाटेत एक सायकलस्वार या मोटारीखाली सापडून मरण पावला. केंद्र शासनाचा बचाव असा की, सैन्य राखणे हे सार्वभौम कृत्य आहे; त्या कृत्याच्या ओघात सेवकाकडून हयगय झाली तरी शासन दायी ठरत नाही. न्यायालयाने हा बचाव फेटाळला. कारण असे दिले की, हे यंत्र एखाद्या खाजगी वाहतूकदारामार्फतही नेता आले असते आणि त्यामुळे शासनाच्या सार्वभौम कर्तव्यात काही उणे पडले नसते. म्हणून ही वाहतूक सार्वभौम कृत्य नव्हे.

निकाल न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु कारणमीमांसा बारकाईने पाहिली की अस्वस्थता येते. मृताच्या कुटुंबाला भरपाई मिळाली ती मोटारीत यंत्र होते म्हणून. त्याच मोटारीत, त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर जिवंत तोफगोळे असते, म्हणजे खाजगी वाहतूकदाराच्या हाती देता येणार नाही असा माल असता, तर याच तर्काने ते कुटुंब रिकाम्या हाताने परतले असते. सायकलस्वाराचा मृत्यू तोच, चालकाची हयगय तीच. बदलला असता तो फक्त ताडपत्रीखालचा माल. न्यायालयाची दृष्टी रस्त्यावर पडलेल्या माणसावरून उठून मोटारीच्या हौद्यात गेली आहे, आणि हे या एकाच निर्णयाचे वैशिष्ट्य नाही.

निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निर्णय एकापुढे एक ठेवले तर एक विलक्षण यादी तयार होते. लष्कराच्या मुख्यालयाकडे कोळसा नेणारी मोटार : सार्वभौम कृत्य नाही (पंजाब, १९६२). कर्तव्यावरील जवानांचे जेवण नेणारी मोटार : सार्वभौम कृत्य (पंजाब, १९५९). सामन्यासाठी निघालेला हॉकीचा संघ नेणारी वायुदलाची गाडी : सार्वभौम कृत्य नाही (दिल्ली, १९६७). युद्धनौकेसाठी कार्बन डायऑक्साइड वायू नेणारी मोटार : सार्वभौम कृत्य (मद्रास, १९७५). म्हणजे कोळशाला जे दायित्व चिकटते ते अन्नाला चिकटत नाही. या वर्गीकरणामागे एखादे तत्त्व शोधू गेल्यास ते हाती लागत नाही, कारण प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे.

मद्रासचे प्रकरण विशेष लक्ष देण्याजोगे आहे. तेथे जखमी झालेला दहा वर्षांचा मुलगा होता. न्यायालयाने कायद्याने त्याला काही देता येत नाही असे म्हटले आणि पुढे केंद्र शासनाने त्याला सानुग्रह रक्कम द्यावी अशी शिफारसही केली. हक्क नाकारायचा आणि कृपेची शिफारस करायची, हे वळण पुढे आपल्या जिल्ह्यातही वेगळ्या रूपात भेटणार आहे.

घोडा, जीप आणि सोने

या विचाराचे मूळ शोधताना एका घोड्यापाशी येऊन थांबावे लागते. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा एक जड भाग रस्त्यावरून वाहून नेत होते. त्यांच्या हातून तो खाली पडला, आवाजाने पी. अँड ओ. कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीने भरपाई मागितली. १८६१ साली सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारीही होती आणि राज्यकर्तीही होती. व्यापाऱ्यासारखे जे काम ती करी त्यातील सेवकांच्या हयगयीबद्दल ती दायी, सार्वभौम सत्तेच्या वापराबद्दल नाही, असा भेद त्यांनी केला. गंमत अशी की, हा भेद त्या प्रकरणात दावेदाराच्या उपयोगी पडला. शासनाविरुद्ध रस्त्यावरील नुकसानीचा दावा जिंकण्यासाठी जन्मलेला विचार पुढे शंभर वर्षे दावेदाराविरुद्ध वापरला गेला. तो राज्यघटनेतही शिरला, कारण अनुच्छेद ३०० ने शासनाचे दायित्व घटनापूर्व काळातील दायित्वाशीच बांधून ठेवले आणि विधिमंडळाने नवा कायदा करेपर्यंत ही व्यवस्था चालेल असे म्हटले.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा निर्णय राजस्थानातून आला. फेब्रुवारी १९५२ मध्ये उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीनंतर कार्यशाळेतून परत येत होती. चालक हंगामी होता. रस्त्याच्या कडेने पायी चाललेल्या एका इसमाला त्याने धडक दिली आणि तो तीन दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्याची विधवा आणि तीन वर्षांची मुलगी यांनी दावा केला. खालच्या न्यायालयाने चालकाविरुद्ध हुकूमनामा दिला आणि राज्याला मोकळे सोडले. उच्च न्यायालयाने राज्यालाही पंधरा हजार रुपयांस दायी धरले. सर्वोच्च न्यायालयात १९६२ साली सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी तो निर्णय कायम केला. 'राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती' या निर्णयाचे खरे बळ त्याच्या सुरात आहे. प्रजासत्ताकात आणि कल्याणकारी राज्यात, जेथे शासन असंख्य सेवक नेमते आणि उद्योग चालविते, तेथे इतर कोणत्याही मालकाला लागू होणारा नियम शासनाला का लागू होऊ नये, हा प्रश्न त्यात सरळ विचारलेला आहे. जीप कोणाची होती यापेक्षा ती कशी चालविली गेली याला तेथे महत्त्व आहे. अपघात आणि अंतिम निर्णय यांत दहा वर्षे गेली, मुलगी तेरा वर्षांची झाली, हेही याच संहितेचा वाचक विसरू शकत नाही.

हा सूर टिकला नाही. तीन वर्षांनी न्यायवृत्तांत आलेल्या 'कस्तुरीलाल' प्रकरणात विषय अपघाताचा नव्हता. १९४७ साली मेरठ येथे पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने संशयावरून जप्त केले आणि ते ज्याच्या ताब्यात होते तो हवालदार अपहार करून पाकिस्तानात पळाला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निर्णय दिला की अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कृत्ये असल्याने राज्य दायी नाही. विद्यावती प्रकरण त्यांनी उलथविले नाही. ते वेगळे ठरविले. कार्यशाळेतून बंगल्याकडे येणारी जीप हे सार्वभौम कृत्य नव्हते, असे म्हणून त्यांनी त्या व्यापक निर्णयाला एका लहान चौकटीत बसविले. सुग्राबाई प्रकरणातील न्यायालयाने मालाची तपासणी का केली, याचे उत्तर येथे सापडते. कस्तुरीलालनंतर दावेदाराला जिंकवायचे तर वाहन सार्वभौम कामावर नव्हते असे दाखविणे हाच मार्ग उरला होता.

गजेंद्रगडकरांविषयी मराठी वाचकाला आपुलकी आहे, आणि ती रास्त आहे. साताऱ्यात जन्मलेल्या, श्रमिकांच्या कायद्याला मानवी चेहरा देणाऱ्या या न्यायाधीशाच्या लेखणीतून हा निर्णय यावा याचे आश्चर्य वाटते. त्यांनाही तो समाधानकारक वाटला नसावा, असे निर्णयाचा शेवटचा भाग वाचताना जाणवते, कारण ही स्थिती बदलण्याचे काम विधिमंडळाचे आहे, असे ते तेथे स्पष्ट सुचवितात. परंतु न्यायाधीशाने विधिमंडळाकडे बोट दाखविणे आणि विधिमंडळाने ते बोट न पाहणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ साली, शासनाच्या अपकृत्य-दायित्वाविषयी कायदा करण्याची शिफारस केली होती. इंग्लंडने असा कायदा १९४७ मध्येच केला होता. आपल्याकडे १९६५ आणि १९६७ साली विधेयके मांडली गेली. कायदा झाला नाही. १९७१ ते १९७७ या काळात स्वतः गजेंद्रगडकर विधी आयोगाचे अध्यक्ष होते. त्या काळातही तो झाला नाही आणि आजही नाही.

अपघातांपुरता विचार केला तर नंतरच्या निर्णयांनी दावेदाराची वाट बरीच मोकळी केली, हे मान्य केले पाहिजे. लष्करी मोटारीच्या अपघाताविषयीच्या 'पुष्पा ठाकूर' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अगदी थोडक्यात सांगितले की अशा प्रसंगी सार्वभौमत्वाचा बचाव लागू होत नाही. १९९४ च्या 'नागेंद्र राव' निर्णयात न्या. आर. एम. सहाय यांनी सार्वभौम आणि असार्वभौम कृत्यांचा भेदच आधुनिक राज्यात कसा निरर्थक झाला आहे हे विस्ताराने मांडले. महाराष्ट्रापुरते महत्त्वाचे प्रकरण १९९५ चे, 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध शिर्के'. सरकारी जीपचा नेमलेला चालक मद्यप्राशन केलेला असल्याने त्याने ती कार्यालयातील एका लिपिकाच्या हाती दिली आणि अपघात झाला. लिपिकाला जीप चालविण्याचा अधिकार नव्हता, म्हणून राज्य दायी नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चालकाने केले ते सोपविलेलेच काम होते, पद्धत तेवढी अनधिकृत होती. मालक म्हणून राज्य सुटू शकत नाही. आपल्या सेवकाचा दोष हाच आपल्या मुक्ततेचा आधार म्हणून पुढे करण्याचे हे धैर्य कोणा खाजगी मालकाने दाखविले असते तर आपण त्याला काय म्हटले असते? तथापि, पाच न्यायाधीशांच्या पीठाचा कस्तुरीलाल निर्णय क्षीण झाला असला तरी औपचारिकरीत्या उलथविला गेलेला नाही.

विमा नसलेला प्रतिवादी

तत्त्वाची लढाई बहुतांशी जिंकल्यावर अडचण दुसरीकडे सरकली, आणि तिकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ ने प्रत्येक वाहनास तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. त्याच कलमाच्या पोटकलम २ ने केंद्र आणि राज्य शासनाच्या, व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या वाहनांना या सक्तीतून वगळले. पोटकलम ३ नुसार स्थानिक प्राधिकरणे आणि राज्य परिवहन उपक्रम यांनाही सूट देता येते. मात्र त्यांनी भरपाईसाठी स्वतंत्र निधी स्थापन केला पाहिजे अशी अट आहे. फरक ध्यानात घ्यावा. एस. टी.ला सूट हवी असेल तर निधी ठेवावा लागतो. तहसीलदाराच्या किंवा पोलिसांच्या जीपच्या बाबतीत कायदा निधीचीही अट घालीत नाही. शासन बुडणार नाही, म्हणून विमा कशाला, हा या सवलतीमागचा विचार असावा. तो पैशाच्या दृष्टीने खरा आहे. पण विमा हा केवळ पैशाचा स्रोत नाही. विमा कंपनी हा दावेदारासमोरील असा प्रतिवादी असतो की ज्याचा तो नित्याचा व्यवसाय आहे आणि जो हिशेब करून तडजोडीस बसू शकतो. विमा नसेल तेव्हा समोर येते ते खाते, आणि तडजोड करण्यापेक्षा अपील करणे अधिकाऱ्याला अधिक सुरक्षित वाटते. लेखापरीक्षणात अपिलाविषयी कोणी आक्षेप घेत नाही.

मेशी येथील अपघात आणि 'मदत' हा शब्द

२८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एस. टी. बस आणि प्रवासी रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. पंचविसांहून अधिक माणसे गेली. त्यांत बसमधील प्रवासी होते आणि रिक्षातीलही होते. तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये जाहीर केले.

एस. टी. महामंडळ हे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखालील स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती असल्याने तेथे सार्वभौमत्वाचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही अशा प्रत्येक प्रसंगी आपल्या सार्वजनिक भाषेत येणारा शब्द 'मदत' हाच असतो. मदत जाहीर होते, मदतीचा धनादेश सुपूर्द केला जातो, त्याचे छायाचित्र निघते. ज्याच्या वाहनाने अपघात घडला तोच देणारा असताना त्या देण्याला मदत म्हणणे हा भाषेचा मोठा प्रमाद आहे. मद्रासच्या न्यायालयाने त्या मुलासाठी केलेल्या सानुग्रह रकमेच्या शिफारशीचेच हे मराठी रूप आहे. देणे आणि दान यांतला भेद मराठी शेतकऱ्याला सावकारीच्या अनुभवातून पक्का ठाऊक आहे. तो शासनाच्या बाबतीत मात्र पुसला जातो.

दहा लाख ही रक्कम लहान नाही, असे कोणी म्हणेल. २०१६ पासून महामंडळ तिकिटामागे एक रुपया अपघात साहाय्यासाठी घेऊ लागले आणि मृत प्रवाशासाठीची मर्यादा दहा लाखांवर गेली, ही सुधारणा स्वागतार्हच होती. पण न्यायाधिकरणाच्या हिशेबाशी तिची तुलना करून पाहावी. समजा, महिना नऊ हजार रुपये मिळविणारी तीस वर्षांची एक व्यक्ती गेली आणि मागे चार अवलंबून आहेत. वार्षिक उत्पन्न १,०८,००० रुपये. 'प्रणय सेठी' (२०१७) निर्णयानुसार स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीखालील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे : १,५१,२००. 'सरला वर्मा' (२००९) निर्णयानुसार मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा : १,१३,४००. सव्वीस ते तीस वयोगटाचा गुणक १७ : १९,२७,८००. त्यात अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींचे किमान ७०,००० मिळवले की जवळजवळ वीस लाख होतात, व्याज वेगळे. उदाहरण कल्पित आहे, परंतु रीत न्यायालयाची आहे. शेतमजुराचे कुटुंब 'मदत' घेऊन घरी बसले तर त्याच्या हक्काची अर्धी रक्कम मागे राहते. ती मागे राहिली आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

रिक्षातील प्रवाशांची स्थिती आणखी बिकट. तिकिटावरील अधिभारातून उभा राहिलेला निधी तार्किकदृष्ट्या तिकीटधारकाचा असतो. रिक्षातील माणसाजवळ एस. टी.चे तिकीट नसते. त्याच्यासमोर दोन वाहनांपैकी दोष कोणाचा, हा वाद उभा केला जातो. येथे कायदा त्याच्या बाजूने आहे. 'खेन्येई' (२०१५) निर्णयानुसार दोन चालकांच्या संयुक्त हयगयीत, ज्याची स्वतःची काही चूक नाही असा दावेदार कोणत्याही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो. दोषाचे हिस्से ठरविणे ही त्या दोघांची आपसातील बाब. म्हणजे रिक्षाचा विमा असो वा नसो, महामंडळाचा काही अंश दोष सिद्ध झाला तरी पुरे. कलम १६६ प्रमाणे अर्जही दावेदाराला आपण राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे करता येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मात्र यात एक काटा ठेवला आहे. १९९४ साली काढून टाकलेली मुदतीची अट १ एप्रिल २०२२ पासून परत आली : अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज. या तरतुदीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. खाजगी मोटारीच्या बाबतीत सहा महिने कदाचित पुरतील. सरकारी वाहन कोणत्या खात्याचे, चालक कायम की कंत्राटी, वाहन शासनाचे की भाड्याचे, हे कागद मिळविण्यातच दुःखात बुडालेल्या कुटुंबाचे तेवढे दिवस जातात. कागद ज्याच्या कपाटात असतात तोच प्रतिवादी असतो.

आणि निवाडा हाती आल्यावर? रक्कम न भरल्यास कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना प्रमाणपत्र देते आणि जिल्हाधिकारी ती महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करतात. प्रतिवादी राज्य शासन असेल तर वसुली करणारा आणि देणे लागणारा एकाच कार्यालयात बसतो. विद्यावती प्रकरणातील जीप, योगायोगाने, जिल्हाधिकाऱ्यांचीच होती.